शिक्केकाकू

आमच्या घरात सही एकटी कधी झालीच नाही. मी पेन उचललं की बायको आतून ओरडायची, "थांबा, शिक्का आणते." मग डब्यातून रबरी शिक्का काढायची, त्याच्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि माझ्या सहीखाली दाबायची. 'विश्वस्त या नात्याने, वैयक्तिक नाही.' एकदा कुरिअरवाल्याच्या कागदावर पण मारला. तो म्हणाला, "काकू, चपला आल्यात नुसत्या." ही म्हणाली, "असू दे. सही ती सही."

कळंबोलीच्या लोखंड बाजारात तिला सगळे शिक्केकाकू म्हणायचे. मी तिथं एका गोदामाचा मुकादम, तीस वर्षं. शेठ आजारी पडला, त्याची पोरं परदेशात. त्यानं गोदाम, क्रेन, सगळा धंदा एका ट्रस्टमध्ये टाकला आणि मला विश्वस्त केलं. मी सहावी नापास. मला एवढंच कळलं की खुर्ची मिळाली.

हिला दुसरंच कळलं. तिच्या बापानं भावकीतल्या एकासाठी जामीन म्हणून सही केली होती, त्यात साताऱ्याकडचं घर गेलं. तिनं ट्रस्टच्या वकिलाला तोंडावर विचारलं, "उद्या क्रेनखाली कोण आला तर आमचं करंजाड्याचं घर जाणार का?"

"नाही काकू. काका ट्रस्टसाठी सही करतात हे कागदावर साफ लिहिलेलं पाहिजे. मग भरपाई ट्रस्टच्या मालमत्तेतून. फक्त काकांची स्वतःची चूक नको."

दुसऱ्या दिवशी ती स्टेशनबाहेर जाऊन शिक्का करून आली. वकिलाचं शेवटचं वाक्य मी विसरलो. ती विसरली नव्हती.

मागच्या वर्षी क्रेनचा दोर तुटला. लोखंडी तारेचा दोर, माल उचलायचा. खाली आमचा एक माथाडी होता, त्याचा पाय गेला. केस झाली, ट्रस्टवर आणि माझ्यावर. वकील म्हणाला, "काका, टेन्शन नको. शिक्के आहेत सगळीकडे, तुम्ही सेफ."

पण दोर झिजलाय हे मला ठाऊक होतं. चार तारा सुटलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. मालाची घाई होती, म्हटलं सोमवारी बदलू. वकिलाला सांगितलं तर त्यानं फाइल मिटली. मग म्हणाला, "हे माझ्याजवळ बोललात, कोर्टात बोलू नका. बोललात तर शिक्का कामाचा नाही. घरापर्यंत येईल."

मला काहीच समजेना. शिक्का खरा, तर मी सुटलो कसा नाही? आणि मी सुटलो, तर त्याचा पाय कुणी तोडला? घरी येऊन हिला सांगितलं. वाटलं, ही म्हणेल गप बसा. जन्मभर त्या घरासाठीच जीव टाकला तिनं.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "दोर बघितला होता ना तुमी?"

"हो."

"मग तसं सांगा."

"अगं, घर जाईल!"

"शिक्का दुसऱ्याच्या चुकीसाठी केला होता. तुमची लपवायला नाही." आणि पुढची जुडी ओढली. डोळे भरले होते, पण आवाज चढला नाही. पहिल्यांदाच.

तिच्यासमोर मी कबूल झालो, कोर्टात खरं सांगीन म्हणून. ती रोज त्या माथाड्याच्या घरी भाकरी-कालवण घेऊन जायची. त्याची बायको सुरुवातीला दार उघडायची नाही. ही डबा उंबऱ्यावर ठेवून यायची. महिन्याभरानं दार उघडलं. आत काय बोलणं झालं, मला कधी सांगितलं नाही.

मग हिच्याच छातीत दुखायला लागलं. चार दिवसांत गेली. दवाखान्याच्या कागदावर तिचं पूर्ण नाव लिहिताना मला दोनदा खोडावं लागलं.

आता पुढच्या तारखेला माझी साक्ष आहे. वकील काल येऊन गेला. "काका, अजून काही बिघडलं नाही. दोराचं बोलू नका. काकू तर आता नाहीत."

तीच तर अडचण आहे. ती असती तर भांडलो असतो, रडलो असतो, तिला घराची शपथ घातली असती. कदाचित तिनंच म्हटलं असतं, जाऊ दे. तिला दिलेल्या शब्दातून मला मोकळं करणारं आता कोणी उरलं नाही. जाऊन सांगायचंच आहे.