टोस्टच्या गाडीतली खुर्ची

बेकरीचा माल पोचवणारी ती जुनी बंद गाडी मी रेणापूरहून चालवत घरी आणली, तेव्हा समोरच्या काकू दारातच उभ्या होत्या.

"काय ग, टोस्टचा धंदा करायलीस का आता?"

"नाही काकू, हिच्यात घर करायचंय."

काकूंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गाडीकडं, आणि गप्प झाल्या. लातूरच्या आमच्या गल्लीत काकू गप्प झाल्या म्हणजे बातमी संध्याकाळपर्यंत सगळीकडं पोचणार. मला राग आला. मला तो तसाही लवकर येतो.

गाडी अप्पांसाठी होती. माझ्या वडिलांचा सगळा जन्म भांड्यांच्या दुकानात गेला. आता हृदय थकलंय, आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून ते झोपतातही खुर्चीत बसूनच. त्यांच्या मनात एकच गोष्ट उरली होती. देगलूरला आत्याकडं जायचं आणि चार दिवस राहायचं.

आत्या त्यांची थोरली बहीण. भाऊबीजेला खरं तर भावानं बहिणीकडं जायचं असतं. आमच्याकडं उलटं होतं. दिवाळीत गिऱ्हाईक सोडून जायचं कसं, असं अप्पा म्हणायचे आणि आत्या ओवाळणीचं ताट पिशवीत घालून एसटीनं लातूरला यायची. गुडघे गेले तसं तिचं येणं थांबलं. मग अप्पांकडून भाऊबीजेची साडी कुणाच्या तरी हाती जायला लागली. ऐकू येईनासं झाल्यावर फोनवरचं बोलणंही संपलं.

भाड्याच्या कारनं एकदा आम्ही निघालो होतो, पण नळेगावच्या अलीकडंच अप्पांचे पाय सुजले, धाप लागली, आणि परत फिरावं लागलं. म्हणून म्हटलं, त्यांची खुर्ची, पंखा, संडासाची सोय, सगळंच घेऊन जाऊ. आत्याच्या दारात गाडी लावायची, अप्पा तिच्यातच राहतील. मोबाईलवर गाडीतच घर करून राहणाऱ्या गोऱ्या पोरापोरींचे व्हिडिओ बघून मी कामाला लागले. पत्रा कापून खिडकी बसवली. आतून थर्माकोल लावून वर प्लायवूड ठोकलं. ते करताना अंगठाही ठोकून घेतला. वनस्पती तुपाचा वास मात्र काही केल्या जाईना.

त्या व्हिडिओंत सगळ्यांच्या गाडीत पलंग होता. आम्हाला पलंग चालणार नव्हता. नांदेडच्या भंगार बाजारातून एका मोडक्या लक्झरी बसची खुर्ची आणली आणि मधोमध बोल्टनं आवळली. पाठ उंच केली. झोपेत मान कलंडू नये म्हणून कपाळावरून मऊ कापडाचा पट्टा केला. दुपारचं ऊन तोंडावर येऊ नये म्हणून वर पाइपची कमान वाकवून तिला पडदा लावला. मला माझंच कौतुक वाटत होतं.

आता एक सांगायला हवं. आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. अंघोळ घालून, विभूती लावून, बसवून नेतात. वर फुलांचं मखर असतं, आणि मान ढळू नये म्हणून कपाळाला पट्टी बांधतात. आईलाही असंच नेलं होतं. मी तिच्या शेजारून चालत गेले होते. तरी ती खुर्ची करताना हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. कसं आलं नाही, ते देवालाच ठाऊक.

निघायच्या दिवशी सकाळी गाडीची पूजा ठेवली. कमानीला झेंडूच्या माळा सोडल्या. अप्पांना अंघोळ घालून धुतलेलं धोतर नेसवलं, त्यांनी कपाळभर विभूती लावली. अंगावर शाल घालून खुर्चीत बसवलं आणि पट्टा लावून पाहिला. पंख्याचा वारा लागताच त्यांचे डोळे मिटले. मागचं दार गल्लीकडं सताड उघडं. दारात जंगमस्वामी धूप पेटवून मंत्र म्हणायला लागले, आणि नारळ आत राहिला म्हणून मी घरात गेले.

नारळ सापडेना, मग एकदाचा हाताला लागला. तेवढ्यात बाहेर काकूंचा हंबरडा ऐकू आला.

मी धावत आले तर गाडीसमोर माणसं जमलेली. चपला एका बाजूला काढून, हात जोडून उभी. कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. कुणीतरी मखराला केळीचे खांब आणायला निघालंसुद्धा होतं. स्वामी डोळे मिटून मंत्र म्हणत होते, आणि मंत्र मध्येच तोडता येत नाही म्हणून थांबत नव्हते. नारळ हातात धरून मी पायरीवर उभी राहिले.

गलक्यानं अप्पा जागे झाले. एवढी गर्दी बघून त्यांनी काळजीनं विचारलं, "कोण गेलं?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एकेकजण चप्पल घालून खाली मान घालून निघून गेला. माझे कान तापले होते. गल्लीच्या देखत मी माझ्या जित्या बापाला मखरात बसवलं होतं, आणि तेही हौसेनं, व्हिडिओ बघून.

काकू तेवढ्या हलल्या नाहीत. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माय, म्या देगलूरला फोन करून टाकला की ग."

मी फोन लावला. लागेना. आत्याच्या घरचे तिकडून सगळ्या नातेवाइकांना कळवत असणार, फोन सतत गुंतलेला. अप्पांनी हे बघितलं आणि म्हणाले, "फोनचं ऱ्हाऊ दे. गाडी काढ."

मी माळा ओरबाडून काढल्या, तरी दोरे कमानीला तसेच लोंबत राहिले. उदगीरपर्यंत मी आरशात मागं बघितलं नाही. उदगीरला पुन्हा फोन लावला, तसाच गुंतलेला. अप्पांना पाणी दिलं, पाय उचलून खुर्चीसमोरच्या पत्र्याच्या डब्यावर ठेवले. म्हटलं, "अप्पा, पट्टा काढू का?" म्हणाले, "नको, त्यानं लई बरं वाटतंय." मला रडूच आलं.

देगलूरला पोचलो तेव्हा आत्याच्या दारात लोक लातूरला यायच्या तयारीनं जीपची वाट बघत बसले होते. अप्पांना गुंगी आली होती. त्यांना जागं करावं, मग सगळ्यांना दाखवावं, म्हणून मी मागचं दार उघडलं. मी आत चढायच्या आधीच आत्या काठी टेकत तिथं पोचली. "आत्या, जिवंत आहेत, झोपलेत!" असं मी ओरडून सांगितलं. पण तिला ऐकू येत नाही आणि ती माझ्याकडं बघतही नव्हती. तिनं खुर्ची बघितली, कपाळावरची विभूती बघितली, पट्टा बघितला. मग त्यांच्या पायावर हात ठेवून ती म्हणाली,

"आलास होय रे तम्मा माझ्या घरी? मेल्यावर तरी आलास."

लहान भावाला ती कानडीत तम्माच म्हणते.

अप्पा जागे होते. हे मला त्यांच्या गळ्याकडं बघून कळलं, घोट गिळताना तो हलला. पण त्यांनी डोळे उघडले नाहीत. आत्या बोलतच राहिली. ओवाळणीचं ताट दरवर्षी घासून ठेवते म्हणाली. दिवाळी आली की वाटेकडं डोळे लावून बसते म्हणाली. कुणाच्या हाती आलेली साडी मी नेसले नाही कधी, तशीच पेटीत हाय म्हणाली. अप्पा ते सगळं डोळे मिटून ऐकत होते आणि मिटलेल्या पापण्यांखालून पाणी वाहायला लागलं होतं.

आत्याला ते दिसलं. तिचा हात थांबला. मग तिनं तो हात पायावरून उचलला आणि त्यांच्या गालावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"दार लाव ग," अप्पा मला म्हणाले. डोळे अजून मिटलेलेच होते.

मी आत्याला हात देऊन आत चढवलं, समोरच्या डब्यावर बसवलं आणि बाहेरून दार लावलं. जमलेली माणसं मला विचारायला लागली, आणि मी सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.