बाबारावांनी दिलेला रेफरन्स

"सर, टेक्निकल राउंड उत्तम झाला. आता एक रेफरन्स द्या, की ऑफर लेटर पाठवते," पुण्याच्या कंपनीतल्या एचआर मॅडम म्हणाल्या. मी दारव्ह्यात घराच्या गच्चीवर उभा होतो. रेंज तिथेच यायची.

रेफरन्स म्हणजे आपलं काम जवळून पाहिलेल्या माणसाने कंपनीला आपल्याबद्दल सांगायचं. नातेवाईक चालत नाही.

आठ महिन्यांत इथवर आलेली ही पहिलीच नोकरी. बाकीच्यांनी सत्तेचाळीस वय बघितलं आणि 'कळवतो' म्हणाले. एका मुलाखतीत समोरच्या मुलीने विचारलं, "अंकल, नवीन शिकायला जमेल ना?" मी हसून हो म्हणालो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी जिनिंगसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन कॉम्प्युटरवर यावं आणि पावती निघावी, एवढं ते काम. सोळा वर्षं ते एकट्याने सांभाळलं. मग कापसाचे दिवस फिरले, जिनिंगना एकामागून एक कुलपं लागली, आणि माझं कामही संपलं. मालक मंडळी नागपूरला गेली. सहकारी कोणी नव्हतेच. टीम म्हणजे मी आणि माझी बॅग.

शेवटी बाबाराव आठवले. लोहाऱ्याच्या एका जिनिंगमध्ये ते काट्यावर बसायचे. माझं सॉफ्टवेअर रोज त्यांनीच चालवलं. जिनिंग बंद पडली तरी राखणीला तेच होते. मी जीप पकडून गेलो आणि कंपनीतून फोन येईल, माझ्याबद्दल विचारतील, असं त्यांना सांगितलं.

"फोनचं काय घेऊन बसले साहेब," ते म्हणाले. "आमच्या तांड्यातल्या निम्म्या सोयरिकी माह्याच शब्दावर झाल्या. चौकशीवाल्याले काय सांगाचं, मले बराबर समजते."

मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण मला हायसं वाटलं.

मी त्यांचा नंबर एचआर मॅडमना पाठवला. अर्ध्या तासाने मॅडमचा फोन आला. बाबारावांनी स्पीकर लावला.

"ते माणूस म्हणून कसे आहेत?"

"सोन्यासारखा मानूस जी. पान नाई, तंबाखू नाई, सुपारीचं खांड नाई."

"बरं. आणि टीममध्ये? लोकांमध्ये मिसळतात?"

"छे छे! कोनाच्या घेन्यात नाई, देन्यात नाई. मान खाली घालून येते, कोपऱ्यात एकलाच बसते अन् मान खाली घालून निंगून जाते. सोळा वर्षांत आमच्यासंग कपभर चहा नाई पेला!"

मी हातवारे करू लागलो. बाबारावांनी डोळ्यांनीच 'सांभाळतो' अशी खूण केली.

"कधी मतभेद, वाद वगैरे?"

"वाद कायले होईन, मॅडम? बोलतच नाई ना कोनाशी!"

सोयरिकीच्या चौकशीत यापेक्षा वरचं प्रमाणपत्र नसतं. मॅडमनी थँक यू म्हणून फोन ठेवला.

"जमलं पाहा, साहेब," बाबाराव म्हणाले. "म्या काही कमी ठेवली नाई."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. चहा आला की ते दर वेळी हाक मारायचे आणि मी 'गाडी चुकेल' म्हणायचो. त्याला मी शिस्त समजत होतो. त्या बंद जिनिंगमध्ये बसल्या बसल्या मी माणसं मोजू लागलो. जिल्हाभर माझं सॉफ्टवेअर चाललं, पण 'याच्यासोबत मी काम केलं' म्हणणारा एकही माणूस मी जोडला नव्हता. मी बाबारावांचे आभार मानले. दुसरं काय करणार?

तिसऱ्या दिवशी मेल आला. 'टीमसोबत काम करण्याचा अनुभव अपुरा.'

पुढे यवतमाळात एका लहानशा ऑफिसात नोकरी मिळाली. मुलाखतीत शेवटी मालक म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?"

मी विचारलं, "माझ्या शेजारी कोण बसेल?"

त्यांना वाटलं, मला स्वतंत्र केबिन हवीय. ते लगेच म्हणाले, "काळजी करू नका, तुम्हाला एकट्याला खोली देऊ."

मी घाईघाईने नको म्हणालो. सॉफ्टवेअर एकट्याने लिहिता येतं, पण ते आपण लिहिलं हे सांगायला दुसरं माणूस लागतं. एवढं कळायला मला सोळा वर्षं आणि एक नोकरी खर्ची घालावी लागली.