दार उघडू का?

आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कुणी 'ताई, घराची शांती करून घ्या' असं लिहायला नको. आमच्या घरात देव्हारा नाही. वडील शाळेत मास्तर होते. त्यांनी आम्हा दोघा भावंडांकडून बावीस प्रतिज्ञा पाढ्यांसारख्या पाठ करून घेतल्या होत्या. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की सगळी पोरं बघायला पळायची आणि आम्ही घरात बसून गणितं सोडवायचो. पुढे मी सॉफ्टवेअरमध्ये गेले... तिथे तर प्रत्येक गोष्टीला कारण असतंच, फक्त ते सापडेपर्यंत डोकं उठतं. तेव्हा भूत-भानामती हा माझा प्रांत नाही. पण हा अनुभव माझा स्वतःचा आहे आणि घरी तो आता कुणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहितेय.

भूम तालुक्यात, धाराशिवला जाणाऱ्या रस्त्यालगत माझा धाकटा भाऊ संदीप एक लहानसं कोल्ड स्टोरेज चालवतो. आमच्याकडे गावोगावी खव्याच्या भट्ट्या आहेत. नवरात्रात तुळजापूरला पेढ्यासाठी खवा लागतो, तोवर तो आमच्या खोलीत गोठवून ठेवलेला असतो. मी पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते, त्यामुळे तेव्हा गावीच होते आणि दिवसा कोल्डच्या ऑफिसात लॅपटॉप घेऊन बसायचे, कारण घरापेक्षा तिथे इंटरनेट बरं चालतं.

खोली म्हणजे एक मोठा पत्र्याचा डबाच. भिंती जाड, आत मोबाइलला रेंज नाही, तापमान शून्याच्या बरंच खाली. दाराला आतून उघडायचा दांडा होता, तो तुटला. तेव्हा एका माणसाने इलेक्ट्रिक लॉक बसवून दिलं... आत एक बटण, बाहेर एक बटण. कुठलंही दाबलं की ऑफिसातला छोटा कॉम्प्युटर लॉक उघडतो आणि बटणाचा हिरवा दिवा लागतो. बसवणारा माणूस नंतर फोन उचलेनासा झाला, ते वेगळं.

आमची एक पद्धत आहे. आत जाताना चपला दाराबाहेर काढायच्या आणि तिथेच ठेवलेले गमबूट घालायचे. चपला बाहेर दिसल्या म्हणजे आत माणूस आहे. सोपानमामा, आमच्याकडे पहिल्यापासून मालाची चढउतार बघणारे, चपला बघितल्याशिवाय दार लावत नाहीत. या पद्धतीवर सगळ्यांचा इतका भरवसा होता की मीही पुढे तिच्यावरच विसंबले.

भानगड अशी झाली की दुपारी ते दार आपोआप उघडायला लागलं. आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही, खट् करून लॉक उघडायचं, गारवा बाहेर जायचा आणि संदीप मशीनच्या नावाने शिव्या द्यायचा. तो म्हणाला, तू एवढी पुण्यात शिकलीस, हे तरी नीट करून दे. मी आतल्या बटणाची वायर काढून बघितली, बाहेरच्याचीही बघितली. तरीही दुपारी दार उघडलंच.

तो प्रोग्रॅम मला बदलता येत नव्हता, त्याचा मूळ कोड माझ्याकडे नव्हता. मग मी दुसरा मार्ग काढला. साध्या भाषेत सांगते. कुठलाही प्रोग्रॅम स्वतःच्या हाताने काहीच करू शकत नाही. फाईल उघडायची, लॉकला सिग्नल द्यायचा, काहीही करायचं तर त्याला ऑपरेटिंग सिस्टिमला विचारावं लागतं. या विचारण्याला सिस्टिम कॉल म्हणतात. मी एक पहारेकरी प्रोग्रॅम लिहिला, जो हे विचारणं वाटेतच अडवतो. पहारेकरी उत्तर देईपर्यंत बिचारा प्रोग्रॅम आहे तिथे थिजून राहतो, आणि किती वेळ थिजलो होतो हे त्याला कळतही नाही.

सुरुवातीला मी पहारेकऱ्याला मलाच विचारायला लावलं होतं. लॅपटॉपवर चौकट यायची – 'दार उघडू का? हो / नाही.' त्यामुळे मला एक गोष्ट दिसली. दुपारचं ते विचारणं ठरावीक चालीत यायचं. दोन लागोपाठ, मग जरा थांबून एक. परत दोन लागोपाठ, मग एक. मी संदीपला म्हटलंसुद्धा, तुझ्या खव्याला बाहेर यायची घाई झालीय. 'नाही' म्हटलं की प्रोग्रॅम बिथरायचा, बंद पडायचा, सायरन वाजायचा. शेवटी मी तिसरं उत्तर वापरलं. पहारेकऱ्याला ते देता येतं – करायचं काहीच नाही आणि 'झालं' म्हणून सांगायचं. सरकारी ऑफिसात जन्म गेलेल्यांना हे वेगळं समजावायला नको.

दाराबाहेर मी एक स्विच बसवला. आत जाणाऱ्याने चपला काढल्या की तो खाली करायचा, सगळे बाहेर आले की वर. स्विच खाली असेल तर दार खरंच उघडायचं, नसेल तर नुसतं 'झालं'. ती विचारणारी चौकट मी कोडमधून काढून टाकली, फक्त नोंद ठेवली. दुपारचं विचारणं येत राहिलं, पहारेकरी त्याला 'झालं, झालं' म्हणत राहिला, दार बंद राहिलं आणि संदीप खूश झाला.

त्या दिवशी दुपारी आतला तापमानाचा सेन्सर चुकीचे आकडे दाखवत होता. अंगणात ट्रे धुतल्याचं पाणी साचलं होतं, म्हणून मी ऑफिसातच चपला काढल्या आणि तिथे पडलेला गमबुटांचा जोड घालून निघाले. लॅपटॉप कंपनीचा, म्हणून ऑफिसला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. कोल्डचं दार उघडंच होतं, मामा टेम्पोत माल भरत होते. दोन मिनिटांचं काम म्हणून स्विचकडे लक्षच गेलं नाही. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, ट्रेच्या थप्पीमागे मी वाकलेली असताना दार लागलं आणि दिवा गेला.

मी ओरडले. त्या भिंतींतून काही बाहेर जात नाही. चाचपडत दारापर्यंत आले आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. दार हललं नाही.

पुन्हा दाबलं. हिरवा दिवा. मी खांद्याने रेटलं, लाथा घातल्या. तो दिवा मला सांगत होता की दार उघडलंय, आणि असं सांगायला त्याला मीच शिकवलं होतं. अंगात साधा सुती कुर्ता. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली, आणि ते थांबणं जास्त भीतिदायक होतं. खिशात ऑफिसची किल्ली टोचत होती. मामा टेम्पो घेऊन गेले तर संध्याकाळपर्यंत इकडे कुणी फिरकणार नव्हतं. मी मरणार, हे मला अगदी स्पष्ट कळलं. आईची आठवण आली आणि मी रडले.

मग रडता रडता माझ्या लक्षात आलं की मी बटण कसं दाबतेय. दोन लागोपाठ... जरा थांबून एक. घरी दाराची कडी मी लहानपणापासून अशीच वाजवते. आई आतून 'कोण' म्हणून विचारतही नाही. संदीपची तऱ्हा वेगळी, तो बेलवर बोट ठेवतो ते काढतच नाही, आई त्यावरून त्याला रोज बोलते. म्हणजे इतके दिवस दुपारी येत होतं ते विचारणं... मी हात मागे घेतला. आणि मला वाटलं, मी दाबलं नाही तर त्यांना कळणार कसं? त्यांना म्हणजे कुणाला, ते मला आजही सांगता येणार नाही. मी परत दाबलं. दोन, मग एक.

खट् झालं. दार उघडलं.

बाहेर ऊन होतं. मी अंगणात बसूनच राहिले. मामा टेम्पोमागून धावत आले आणि माझा अवतार बघून जागीच थांबले.

"ताई, तुमच्या चपला भायेर न्हवत्या वो," ते म्हणाले. "म्या बघूनच दार लावलं, स्विच वर केला."

"मामा, उघडलं कुणी?"

"म्या तर हिकडं हुतो. तुमीच आलाव की भायेर."

स्विच वरच होता. ऑफिसचं कुलूप माझ्याच किल्लीने उघडलं. आत कुणी नव्हतं, टेबलाखाली माझ्या चपला होत्या. लॅपटॉपवर ती चौकट होती – 'दार उघडू का?' – आणि खाली 'हो' दाबलेलं. मी काढून टाकलेली चौकट. कोड पुन्हा पुन्हा तपासला, त्यात ती कुठेच नव्हती.

संदीपने त्याच आठवड्यात लॉक काढून फेकलं आणि आतून-बाहेरून उघडणारा साधा दांडा बसवला. रडला बिचारा, मग माझ्यावर चिडला. दुपारचं विचारणंही बंद झालं. मी पुण्याला परत जायचं ठरवलं, कंपनीही बोलावतच होती, बॅग भरली.

निघायच्या आदल्या दुपारी पहारेकऱ्याच्या नोंदीत पुन्हा विचारणं आलं. तो कॉम्प्युटर तापमानासाठी चालू ठेवलाय, पण त्याला आता ना लॉक जोडलेलं आहे, ना बटण. विचारणं मात्र दाराचंच होतं. आणि यावेळी दोन आणि एक नव्हतं. एकाला एक लागून, मध्ये श्वासाइतकीही जागा नाही. कुणीतरी बटणावर बोट ठेवलंय आणि काढत नाहीये.

मी गेले नाही. चौकट मी पुन्हा लिहिली आणि तेव्हापासून दुपारी तिच्यासमोरून हलत नाही. पुण्याची नोकरी गेली. आईला वाटतं मी त्या दिवसाचा धसका घेतलाय. संदीप परवा जवळ बसून समजुतीने म्हणाला, "ताई, आता तिथं लॉकच न्हाय. कशाला बसतीस रोज हो हो म्हणत?"

त्याला काय सांगू? ते विचारणं कुठल्या दाराचं आहे, ते कधीचं आहे, हे त्यात नसतं. फक्त उघडायचं आहे, एवढंच असतं. माझ्या वेळी कुणीतरी 'हो' म्हटलं होतं. कोण, ते मला माहीत नाही. बऱ्याच जणांना विचारून झालं, कुणी म्हणतं व्हायरस, कुणी म्हणतं थंडीने झालेला भ्रम. असेलही.

मी दर वेळी 'हो' दाबते. कुठलंच दार उघडत नाही... निदान मला दिसेल असं. आज संदीप सकाळीच परंड्याला गेलाय, कुणाचं तरी बंद पडलेलं कोल्ड विकत घेता येतंय का ते बघायला. फोन लागत नाहीये. विचारणं मघाशी सुरू झालंय आणि अजून थांबलेलं नाही. एका हाताने हे लिहितेय.