एक भागिले सात

एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. ही संख्या मला माझ्या वडिलांनी, अप्पांनी दाखवली, लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर. घराण्यात सगळे शिंपी, अप्पा एकटे गणिताचे मास्तर. एकाला सातनं भागलं की दशांशाच्या पुढं हेच सहा आकडे पुन्हा पुन्हा येत राहतात. दुप्पट करा, तिप्पट करा, अगदी सहापट करा, आकडे तेच, नुसत्या जागा बदलतात. "कुणी हरवत नाही बघ," अप्पा म्हणायचे. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात ते आकडे मला फेर धरून फिरताना दिसायचे.

पुढं अप्पांना झटका आला आणि शब्द गेले. चहाला चहा म्हणता येईना. आईकडं, माझ्याकडं नुसते बघत बसायचे. आपल्याला ओळखतात की नाही, एवढं एकच आईला कळायला हवं होतं, आणि तेच कळत नव्हतं. मी तिला वरवर धीर द्यायची. आतून मीही खचले होते.

त्या वर्षी विठ्ठलाच्या देवळात सप्ताह बसला. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, आणि तारा ज्याच्या हाती त्यानं अखंड नाम घ्यायचं, ही आमची रीत. दुपारचा पहारा वर्षानुवर्षं अप्पांचा. देवळातले थोरले काका आईला म्हणाले, "वहिनी, नाम तोंडातून येत नाही, वीणा कशी द्यायची?" माझं डोकंच फिरलं. मी काही बोलणार तेवढ्यात आई आमच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाली, "साकु हो, पुरे झालं. उभे तरी राहू द्या त्यांना."

अप्पा वीणा गळ्यात घेऊन उभे राहिले. तार छेडली. आणि नामाऐवजी निघालं, "एक चार दोन आठ पाच सात."

टाळ थांबले. कुणीतरी फिस्सकन हसलं. अप्पांचं लक्षच नव्हतं. डोळे मिटून, संथ, "दोन आठ पाच सात एक चार." दुप्पट केली होती त्यांनी. माझ्या अंगावर काटा आला. थोरल्या काकांनी क्षणभर पाहिलं, मग स्वतःच टाळ उचलून सहा मात्रांत ठेका धरला. तिप्पट झाली, चौपट झाली. कापराचा धूर, दुपारची गुंगी, गल्लीतल्या शिलाई मशिनींची घरघर, सगळं त्या आकड्यांबरोबर हळूहळू फिरायला लागलं. मीही कुठंतरी तरंगत होते.

सहापट झाली तशी मला भीती वाटली. सातपटीला हा फेर मोडतो, सगळे नऊच येतात. "नऊ नऊ नऊ नऊ नऊ नऊ," अप्पा म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. पुढच्या पहाऱ्याचे गृहस्थ हात पुढं करून उभेच होते. त्यांना चुकवून अप्पा सरळ माझ्यापर्यंत आले आणि वीणा माझ्या गळ्यात घातली.

आमच्या देवळात बाईच्या गळ्यात वीणा कधी गेली नव्हती. थोरल्या काकांनी टाळांचा ठेका मोडला नाही.

"तुला ओळखलं गं त्यांनी," आई म्हणाली. तिला स्वतःला ओळखतात का, हे तिनं पुन्हा कधी विचारलं नाही.