पुतणीच्या वाटचा सत्कार

शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतल्या सुजाण नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, केडगावच्या चौकात रविवारी सकाळी माझा जो सत्कार झाला, तो माझा नव्हता. मी कसलाही खेळाडू नाही. जिना चढून वर गेलो की कशासाठी आलो होतो हे आठवेपर्यंत दम खातो.

खेळाडू माझी पुतणी. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, सायकल टाकून पळत सुटायचं आणि मध्ये घड्याळ थांबू द्यायचं नाही, असा तिचा खेळ. ट्रायथलॉन म्हणतात त्याला. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमचे आप्पा, म्हणजे तिचे आजोबा, काळजीनं म्हणाले होते, "तिन्ही एकाच दमात? मागं कोण लागलंय का पोरीच्या?"

वडगाव रासाईच्या आमच्या शेततळ्यात पोहायला शिकलेली ही पोरगी पुढं भारताकडून देशोदेशी पळाली. मग एका परदेशी शर्यतीत तिच्या डाव्या पायाचं हाड चिरलं. आठ महिने ती घरी. तिच्या आईनं, माझ्या वहिनीनं, तिला उचलून न्हाऊ घातलं, कुबड्या धरून अंगणात फिरवलं. पाय बरा झाला, पण संघातली जागा लटकलेलीच होती. प्रशिक्षकानं शेवटची संधी दिली: रविवारी तिन्ही प्रकार सलग कर, घड्याळातली नोंद मला पाठव. ठरलेल्या वेळेत बसलीस तर परदेशातल्या शिबिराला ये, नाहीतर तुझी जागा दुसरीला.

"काका, कुणाला बोलू नका हां," ती मला म्हणाली.

आता मी पडलो सूत्रसंचालक. भीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या निम्म्या सत्कारांत माईक माझ्या हातात असतो. तरी मी फक्त एकालाच सांगितलं. केडगावच्या मित्राला. तेही कुणाला सांगू नको म्हणून बजावून.

रविवारी उजाडता उजाडता ती तळ्यात उतरली. तळ्याचा प्लॅस्टिकचा कागद शेवाळानं बुळबुळीत. वर यायला दोर बांधलेला. वहिनी सायकलचे बूट हातात धरून काठावर उभी, जणू नवरदेवाचेच बूट सांभाळत होती. पोहणं संपायच्या आधीच मी मोटारसायकल काढली. माझं काम रस्त्यावरची कुत्री हाकलायचं. पूल ओलांडून केडगाव, तिथून वरवंडच्या अलीकडून माघारी, असा तिचा रस्ता.

केडगाव जवळ आलं आणि कानावर कर्ण्याचा आवाज पडला. "आपल्या मातीची कन्या थोड्याच वेळात..."

चौकात मांडव. रस्त्यावर आडवा लाल गालिचा. निम्मा रस्ता अडवून जेसीबी उभा आणि त्याच्या दातांना माणसापेक्षा मोठा झेंडूचा हार. टेबलावर शाल, श्रीफळ, फेटा. मधोमध पांढऱ्या टोपीतले, ऐंशीच्या पुढचे मामा. सगळा चौक त्यांना मामाच म्हणतो.

"मामा, ती थांबायची न्हाई. घड्याळ चालू हाय तिचं."

"चालू दे की. दोन मिंटांचं काम. नारळ घ्यायचा, फोटू काढायचा, च्या प्यायचा."

"च्या बी?"

"मग काय, पोरीला कोरडी धाडू व्हय?"

ही दोन मिनिटं मला चांगली ठाऊक आहेत. मी स्वतः ती दीड दीड तास चालवलेली आहेत. आणि मामांना नाही म्हणावं तर पुढची दोन वर्षं आमच्या घरच्या लग्नाला केडगावातून कुणी येणार नाही.

लांबवर हेल्मेट चमकलं. मी माईकवर झडप घातली.

"सत्कारमूर्ती देशकार्यात व्यग्र असल्यामुळे, त्यांच्या वतीने त्यांचे सख्खे चुलते सत्कार स्वीकारतील! हार इकडं वळवा! गालिचा माझ्या पायाखाली आणा!"

सत्कारमूर्ती गैरहजर असला की घरचं माणूस उभं राहतं, ही आपली रीतच. त्यामुळे कुणालाच वावगं वाटलं नाही. गालिचा ओढला गेला, जेसीबी घरघरत मांडवाकडं वळला, हार माझ्या डोक्यावर उतरला आणि मला दिसायचं बंद झालं. झेंडूच्या आत मी नुसता आवाज ऐकला: सर्रर्र.

"आली व्हय?" मामांनी विचारलं.

"गेली!" चौक ओरडला.

वरवंडकडून ती परत गेली तेव्हा मी फेटा बांधून चौथं भाषण ऐकत बसलो होतो. तिनं मान वळवून पाहिलं. हसली की शिवी दिली, ते मी अजून विचारलेलं नाही.

सुटका करून घेऊन वडगावात पोचलो. माझ्या मागं जीपमधून मामा आणि निम्मा मांडव. ती उसाच्या कडेच्या रस्त्यावर पळत होती. बाकी सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते; वहिनी नुसती पावलांकडं. डावा पाय टेकला की वहिनीचे ओठ आवळायचे. शेवटच्या वळणावर पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तळ्याच्या बांधाशी आली, घड्याळाचं बटण दाबलं आणि तशीच मातीत आडवी झाली.

"किती?" शेवटी आप्पांनी विचारलं.

तिनं मनगट वर केलं. तेहतीस सेकंद राखून. एक नुसता नारळ हातात घेतला असता तरी संपलं होतं.

तिनं नोंद पाठवली. थोड्या वेळानं फोन वाजला, प्रशिक्षकाचा आवाज आला, "सामान बांध. तू येतेयस." जीपवाल्यांनी टाळ्या पिटल्या. मामांनी माझीच पाठ थोपटली. वहिनी मात्र मातीत बसली, लेकीचा डावा पाय मांडीवर घेतला, रडता रडता त्याच्यावर एक चापट मारली आणि सगळ्यांच्या देखत ओरडली,

"म्हंजी आता पुन्यांदा मोडून घ्यायला मोकळी झालीस व्हय गं!"