चेहरा दिसत नाही, पुन्हा पाठवा

पुनमचा गृहपाठ आमच्या गल्लीत सगळ्यांच्या अंगावर झालाय. माझं डोकं, शेजारच्या जळबाचं कोपर, तिच्या सासूचा घोटा. एकदा तर तिनं शेळीचा पायसुद्धा पट्टीत गुंडाळला. शेळीनं ती पट्टी खाल्ली, ते सोडा. सिद्धेश्वर धरणाकडची ही पोरगी, बारावी झालेली. लग्न होऊन जवळा बाजार या आमच्या गावी माझ्या शेजारी आली आणि कापूस वेचायला लागली. हसरी आहे, पण राग आला की जास्त हसते. मला अशी माणसं आवडतात. रडक्यांशी माझं जमत नाही.

गेल्या वर्षी तिनं फोनवर रुग्णसेवेचा कोर्स धरला. धडा फोनवर बघायचा, घरी करून पाहायचा, त्याचा व्हिडिओ काढायचा आणि 'सादर करा' हे बटण दाबायचं. तिकडून सर तपासतात आणि खाली शेरा लिहितात. सगळे गृहपाठ पास झाले की सर्टिफिकेट, आणि सर्टिफिकेट आलं की औंढ्याच्या एका खाजगी दवाखान्यात काम. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तसा शब्दच दिला होता. "काकू, मला रोज सकाळी उठून बसमधी बसायचंय," असं पुनम म्हणायची. दिवसभर तरी नवऱ्याच्या हाताबाहेर राहावं, असं तिला वाटत असणार, आणि का वाटू नये?

तिचा नवरा स्वप्निल दारू पीत नाही म्हणून गावात त्याचं मोठं कौतुक. मारायला दारूच लागते असं कुणी सांगितलं? भाकरी करपली तरी मारतो, शेजारी जाऊन बसली तरी मारतो. भिंतीला भिंत लागून घर माझं, मला सगळं ऐकू येतं.

शेवटचा गृहपाठ डोक्याच्या जखमेवर पट्टी बांधण्याचा होता आणि रुग्ण होते मी. आता माझ्यासमोर कुणी फोन धरला की माझा हात आपोआप पदराकडं जातो. सासरा, दीर, सरपंच, सगळ्यांसमोर जन्म तसाच गेला. तिनं पट्टी झकास बांधली आणि मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी सरांचा शेरा आला: 'हात छान आहे. चेहरा दिसत नाही. पुन्हा पाठवा. आज संध्याकाळपर्यंत वाट पाहतो.' पट्टी डोळ्यावर किंवा कानावर येते का ते सरांना बघायचं होतं. संध्याकाळी तो गृहपाठ बंद होणार होता, म्हणून फोन तसाच बाजेवर टाकून पुनम मला बोलवायला पळत आली.

आम्ही दोघी तिच्या अंगणात शिरलो तर स्वप्निल फोन हातात घेऊन उभा.

"कोण हाये हा सर?" तो म्हणाला. "तुझा हात छान म्हणून राहिला. आन् आता चेहरा पायजे त्याला? वाट पाहून राहिला व्हय?"

"ओ, चेहरा माझा न्हाई, काकूंचा पायजे," असं म्हणून पुनम हसली.

ते हसणं त्याला झोंबलं. पहिल्याच थपडेत ती रांजणावर जाऊन आदळली. तिचा ओठ फाटला. त्यानं तिचे केस मुठीत धरून तिला अंगणभर फरपटलं, फोन ओट्यावर आपटला, पट्ट्यांचा डबा लाथेनं उडवला. मी मध्ये पडले तर मला ढकलून दिलं. पुनमनं त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की तो गुरासारखा ओरडला आणि मग तिच्या पोटात लाथ घातली. ती दुमडून पडली. त्यानं दुसरी लाथ उचलली. पुढच्या घडीला तो पोरीचा जीव घेणार, असं मला खरंच वाटलं.

तेवढ्यात त्याची आई सुमनबाई गोठ्यातून आली. तिच्या हातात कुऱ्हाडीचा सुटा दांडा होता. पाती नव्हती, हे त्या पोराचं नशीब. तिनं दांडा लेकाच्या डोक्यात घातला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

स्वप्निल मटकन खाली बसला. रक्त कपाळावरून डोळ्यात उतरलं. ते बघून तो "आई, मी मरून राहिलो," म्हणून रडायला लागला.

"मरत न्हाईस," पुनम म्हणाली. पोट धरून ती उठली, हात धुतले, डब्यात राहिलेल्या स्वच्छ पट्ट्या निवडल्या. "काकू, फोन चालू हाये का बघा. आन् धरा."

काच तडकली होती, पण फोन चालू होता. मी तो धरला.

"पट्टी बांधू का? व्हिडिओ काढू का? परवानगी घ्यावी लागते," तिनं त्याला विचारलं.

"काढ, पण रक्त थांबव माय!"

मग तिनं जखमेवर घडी दाबून धरली, रक्त थांबेपर्यंत हात हलवला नाही. कान मोकळे, डोळे मोकळे, पट्टी घट्ट. तिच्या स्वतःच्या ओठातून हनुवटीवर रक्त गळत होतं. स्वप्निलचा चेहरा सगळा दिसला, शेंबडासकट.

"टाके लागतील. नंतर दवाखान्यात न्यावं लागंल यास्नी," ती म्हणाली आणि व्हिडिओ चढवायला बसली. खाली एक रकाना होता: जखम कशी झाली? तो भरल्याशिवाय गृहपाठ पुढं जात नव्हता.

"गाडीवरून पडलो लिव्ह," स्वप्निल घाईनं म्हणाला.

सुमनबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. "मी लई बार पडले रे. पायरीवर पडले, हिरीवर पडले, न्हाणीत पडले. तुझ्या बापानं माझा हात मोडला तवा बी दवाखान्यात जाऊन 'पडले' असंच सांगितलं. तू पडला न्हाईस. तुला म्या पाडलं. लिव्ह पोरी."

पुनमनं लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: 'बायकोला लाथा मारत असताना आईने कुऱ्हाडीच्या दांड्याने मारले.'

स्वप्निल फोनकडं झेपावला. सुमनबाईनं दांडा नुसता एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, तसा तो खाली बसला.

"अगं, तो सर वाचंल की!" तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"वाचू द्या," पुनम म्हणाली. या वेळी ती हसली नाही. "वाचल्याबिगर मार्क कसे देतील?"

आणि तिनं बटण दाबलं.