फुटण्यासाठी घेतलेली बशी

एझ्रा हिंडल हा माणूस जाहिरातीच्या कागदावर ‘प्रोफेसर झमोरा, पूर्वेकडील महाजादूगार’ असायचा. पूर्वेकडे तो कधी गेला असेल तर आमच्या बर्नली गावच्या बाजारापर्यंत. जन्म विणकराच्या घरातला. लहानपणी गिरणीत सुताच्या रिकाम्या कांड्या झेलत बसायचा आणि मुकादमाचा मार खायचा. पुढे त्याच हातांनी राणीच्या राज्यातली निम्मी नाटकघरं त्याने गाजवली, आणि म्हातारपणी आमच्या गावच्या नाटकघरात कायमचा येऊन टेकला. मी तिथे पियानो बडवायचे. बडवायचे म्हणते, कारण त्या पियानोकडून त्याहून अधिक काही होण्यासारखं नव्हतं.

जादूगार मी पुष्कळ पाहिले. बहुतेकांची जादू बाहीत असते आणि बढाई तोंडात. एझ्राचं तसं नव्हतं. पहिल्या रांगेतल्या बाईच्या लाकडी बुटातून तो ऊन ऊन उकडलेलं अंडं काढायचा आणि तिथेच सोलून तिला खायला द्यायचा. ते ऊन कसं राहतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की म्हणायचा, “कोंबडीला विचार.”

पण लोक यायचे ते बशांसाठी. चार बशा हवेत फिरत असताना तो पाचवी उंच, पार गॅसच्या दिव्यांपर्यंत फेकायचा, आणि ती नेमकी हातून निसटून खळ्ळकन फुटायची. सगळं नाटकघर हळहळायचं. मग तो कपाळ पुसायचा, नवी बशी घ्यायचा, पुन्हा फेकायचा आणि झेलायचा. त्यावर जो गजर व्हायचा, त्याने छताची धूळ माझ्या डोक्यावर पडायची.

ते फुटणं मुद्दाम असायचं. झेलणाऱ्यांचा हा जुना रिवाज आहे. एकदा चुकल्याशिवाय अवघड काय ते लोकांना कळत नाही. त्या एका बशीसाठी त्याची बायको केझाया बाजारातून तडा गेलेली, स्वस्तातली बशी शोधून आणायची. मी वाजवत असलेल्या चालीत एक वळण होतं, त्या वळणावर त्याचा डावा हात किंचित मागे यायचा. वर्षानुवर्षं तसाच. हाताला विचारायची गरजच उरली नव्हती.

मग एका हिवाळ्यात त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. महिन्याभराने तो परत उभा राहिला, पण बोटांना नीट जाण नव्हती. पहिल्या आठवड्यात बशांचा सडा पडला. आमचे मालक रशवर्थसाहेब मनाने वाईट नव्हते, पण त्यांना रिकाम्या खुर्च्या सोसत नसत. त्यांनी सरळ सांगितलं की शनिवारी दुपारच्या खेळाला ते स्वतः पडद्याआड उभे राहतील. “एक बशी फुटते, ती फुटू दे. दुसरी फुटली, तर सोमवारपासून तुझ्या जागी दुसरा माणूस.”

एझ्राला दुसरं काहीच येत नव्हतं. मंच गेला, तर तो घरात खुर्चीवर बसून मरेल, एवढं केझाया मला म्हणाली आणि तडा गेलेली बशी पुसत राहिली.

शनिवारी अंड्याचा खेळ झाला. बशा सुरू झाल्या. तीन हवेत होत्या, अगदी सोपं काम, आणि डाव्या हातातून एक सटकली. फुटली. लोक हसले. पडद्याआड मालक हसले नाहीत.

फुटायची ती फुटून गेली होती. आता पाचवी झेलायलाच हवी होती, आणि त्या वळणावर चुकायचं एवढंच तो हात जन्मभर शिकला होता. बोटं बधिर झाली तरी ती खोड गेली नसणार. एझ्राने माझ्याकडे पाहिलं. त्यालाही तेच कळलं होतं.

नवी बशी घेऊन त्याने चारही पुन्हा फिरवल्या. तडा गेलेली पाचवी वर गेली. वळण आलं. मी पियानोवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

चालू खेळात वाजवणारीने थांबायचं नसतं; शेजारच्या ढोलवाल्याने माझ्याकडे डोळे वटारलेसुद्धा. सगळीकडे शांत झालं. बशी खाली येत होती आणि एझ्राचा तो आजारी हात अनोळखी जागी गेल्यासारखा चाचपडत पुढे सरकला. मागे आला नाही. बशी त्यात येऊन बसली.

टाळ्या जेमतेम पडल्या. वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, “फोड की म्हाताऱ्या, त्याचेच पैसे दिलेत!” त्यांच्या दृष्टीने आज काहीच अवघड झालं नव्हतं. मी मात्र त्या हाताकडे देवळात बघावं तशी बघत होते. पडद्याआड मालकांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

खेळ संपल्यावर ते एवढंच म्हणाले, “सोमवारी वेळेवर या, प्रोफेसर.” आजवर ते त्याला हिंडल म्हणत.

केझाया व्हिनेगर घातलेले काळे वाटाणे घेऊन आली. एझ्रा सामानाच्या पेटीवर बसला होता, बशी अजून हातातच.

“सेलिना,” तो मला म्हणाला, “ही पहिल्यांदाच हातात आली गं. भलतीच जड लागली.”

मी ती घेऊन पाहिली. पावाच्या सुकलेल्या कापाइतकीही जड नव्हती. मला रडू आवरेना, आणि त्याने शांतपणे माझ्या कानामागून एक अंडं काढलं. ऊन होतं.